यशोगाथेंतील गाळलेलें प्रकरण

मराठी नियतकालिकांत व वृत्तपत्रांच्या शेतीविषयक पुरवण्यांत अलीकडे एक वाङ्मयप्रकार चांगलाच रुजला आहे. 'यशोगाथा' हें त्याचें नांव. इंदापूर तालुक्यांतील बोरीचीं द्राक्षें, नीरेच्या कालव्यावरचा बारामतीचा ऊंस, उजनीच्या पाण्यावरील केळीं व डाळिंबें हे त्याचे आवडते विषय होत. या लेखांची निंदा करावी असा आमचा हेतु नाहीं. आमच्या बऱ्याच कथाकारांनीं शेतकऱ्यास एक तर दीन, नाहीं तर भोळा करून ठेविलें होतें. यशोगाथेनें त्यास हिशेब जाणणारा, प्रयोग करणारा माणूस म्हणून उभा केला, हें तिचें श्रेय मोठें आहे. परंतु वाङ्मय म्हणून तिची परीक्षा करूं लागलें, कीं एक वैगुण्य चटकन् दृष्टीस पडतें.

यशोगाथेची घडण चरित्राची नसून कहाणीची आहे. श्रावणांतल्या कहाणींत आटपाट नगर असतें, दरिद्री ब्राह्मण असतो. त्यास कोणी वसा सांगतें, तो वसा तो निष्ठेनें पाळतो आणि देव प्रसन्न होतो. येथें नगराच्या जागीं कोरडवाहू रान, वशाच्या जागीं ठिबक, छाटणी व विरळणी, आणि देवाच्या जागीं परदेशची बाजारपेठ येते. पण कहाणींतला देव आपल्या शब्दास बांधलेला असतो. एकदां सांगितलेला वसा तो बदलीत नाहीं. बाजारपेठेचा देव तसा नव्हे. त्याचा वसा मधेंच बदलतो, आणि बदलणारा बहुधा दूर देशीं बसलेला असतो. यशोगाथेंतून नेमकें हेंच प्रकरण गाळलेलें असतें.

उदाहरणार्थ, २०१० सालचा द्राक्षहंगाम घ्यावा. युरोपांत जाणाऱ्या प्रत्येक बागेची नोंद ठेवणारी 'ग्रेपनेट' ही व्यवस्था २००६ पासून चालूं होती. पेटींतला घड कोणत्या बागेंतला, हें तिच्यामुळें सांगतां येई. महाराष्ट्रांतील बागाईतदारांनीं ठरलेल्या तपासण्या करून माल धाडिला. तो तिकडे पोंचल्यावर त्यांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ आवरणाऱ्या रसायनाचा अंश किलोमागें ०.०५ मिलिग्रॅम या मर्यादेहून अधिक आढळला. येथील तपासणीच्या यादींत तें रसायनच नव्हतें! कंटेनर अडकून पडले व बागाईतदारांस जबर तोटा झाला. वसा पाळूनही देव कोपला, असें हें वर्ष यशोगाथेच्या सांच्यांत कसें बसावें? तथापि त्या मर्यादेस परकीयांचा कावा म्हणणेंही योग्य नव्हे. खाणाऱ्याचें रक्षण हा तिचा हेतु रास्तच आहे. आपल्या मुलांच्या ताटांतील द्राक्षांसही तेवढीच काळजी लाभावी, असें कोणास वाटणार नाहीं? पुढें तें रसायन तपासणींत आलें व बागाईतदार सावध झाले. तात्पर्य, नियमाचें ज्ञान हेंही छाटणीइतकेंच शेतीचें अंग ठरलें.

नियमाखेरीज राजकारण आहेच. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधील हूथींनीं तांबड्या समुद्रांत जहाजांवर हल्ले आरंभिले. बरींच जहाजें सुएझचा मार्ग सोडून आफ्रिकेस वळसा घालून जाऊं लागलीं. नाशवंत फळांचा प्रवास लांबला आणि भाडें चढलें. बोरीच्या बागेंतील माणसाची यांत कोणती चूक होती? बरें, दरवेळीं परकाच आड येतो असेंही नाहीं. १ जून २०२२ पासून साखरेच्या निर्यातीवर आपल्याच सरकारनें निर्बंध घातले. तेव्हांपासून माळेगांव, सोमेश्वर किंवा भवानीनगर येथील साखर परदेशीं किती जावी, हें कारखान्याच्या सभेंत ठरेनासें झालें. तें दिल्लींत ठरूं लागलें.

अगदीं ताजी गाथा बारामतीच्या उंसाची. तेथील ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनें मायक्रोसॉफ्ट व ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या साहाय्यानें कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग आरंभिला. उपग्रहाचीं चित्रें, मातींतील संवेदक व हवामानाचीं यंत्रें यांची माहिती एकत्र करून पाणी केव्हां द्यावें, खत किती घालावें, हें शेतकऱ्यास मोबाइलवर कळविण्यांत येतें. फेब्रुवारी २०२५ मध्यें मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनीं हा प्रयोग जगापुढें मांडला, आणि बारामतीचें नांव सर्वतोमुखीं झालें. परंतु त्याच्या आदल्याच महिन्यांत, १३ जानेवारीस, अशा बुद्धिमत्तेस लागणाऱ्या प्रगत चिपांच्या निर्यातीविषयीं अमेरिकेनें एक नियम जाहीर केला होता. मित्र म्हणून मोकळीक दिलेल्या १८ देशांत भारताचें नांव नव्हतें. अंमल सुरू होण्यापूर्वींच, मे महिन्यांत, तो नियम मागें घेण्यांत आला हें खरें. पण तो करतांना किंवा मोडतांना बारामतीस कोणी विचारलें नव्हतें. ज्या सल्ल्यावर उद्यां उंसाचें पाणी अवलंबावयाचें, तो सल्ला वॉशिंग्टनच्या एका आज्ञेनें महाग किंवा दुर्मिळ होऊं शकतो, हें वाक्य गाथेंत एकदां तरी यावयास नको काय?

कोणी म्हणेल, उत्तेजनार्थ लिहिलेल्या लेखांत हीं विघ्नें कशाला? वाचणाराचा धीर खचेल! आमचें उत्तर असें, कीं यशोगाथा ही केवळ करमणूक म्हणून वाचली जात नाहीं. ती वाचून पुण्यांत नोकरी करणारा मुलगा गांवीं वडिलांस फोन करतो, सोसायटीचें कर्ज निघतें, आणि विहिरीशेजारचें ज्वारीचें रान मोडून बाग उभी राहते. ज्या वाङ्मयावर विसंबून कुटुंबें आपली जमीन पणास लावितात, त्यानें अर्धें सत्य सांगून भागणार नाहीं. पोवाडाही स्तुतिपरच असतो; पण शाहीर शत्रूचें बळ झांकीत नाहीं, कारण तें झांकलें तर नायकाचा पराक्रमच उणा होतो.

यास्तव यशोगाथा लिहिणारांनीं यापुढें तीन प्रश्नांचीं उत्तरें द्यावींत: माल कोणत्या देशाच्या कोणत्या नियमानें गेला, तो नियम कोण बदलूं शकतो, आणि बदलला त्या वर्षीं तोटा कोणी सोसला. लेख अर्ध्या पानानें वाढेल. परंतु तो वाचून बाग लावणारास, कंटेनर अडला त्या दिवशीं, आपलाच वसा कोठें तरी चुकला असें तरी वाटणार नाहीं.