उंबरठ्याच्या आत : काम्यूच्या ‘प्लेग’मधील घर

२०२० च्या टाळेबंदीत आल्बेर काम्यूची ‘द प्लेग’ ही कादंबरी फ्रान्स, इटली, जपान अशा अनेक देशांत पुन्हा खपू लागली. आपल्याकडेही तिच्यावर बरेच बोलले गेले. मेलेले उंदीर, साथीचे नाव घ्यायला कचरणारे प्रशासन, कर्तव्य म्हणून राबणारा डॉक्टर या गोष्टी ज्याला-त्याला आपल्याच गावातल्या वाटल्या. नाझी अंमलाचे रूपक म्हणून तिचे वाचन तर आधीपासून होतेच. या दोन्ही वाचनांत एक गोष्ट मागे पडते. आजारी माणूस घरातून उचलून नेल्यावर मागे राहिलेल्यांचे काय होते, हा या कादंबरीचा कणा आहे. डॉक्टर रियूचे शौर्य त्याच्या भोवती येते.

काम्यूला हा विषय पुस्तकातून मिळालेला नव्हता. १९४२ मध्ये क्षय उलटला म्हणून तो फ्रान्सच्या डोंगराळ भागात, ल पानलिए या वस्तीत राहायला गेला. पत्नी फ्रान्सीन ऑक्टोबरमध्ये ओराँला परतली. नोव्हेंबरात दोस्त सैन्य उत्तर आफ्रिकेत उतरले, जर्मनांनी दक्षिण फ्रान्स व्यापला आणि नवरा-बायकोमधला समुद्र बंद झाला. कादंबरी प्रसिद्ध झाली ती १९४७ साली. शहर ओराँच ठेवले. आजारी माणूस मात्र बदलला. कादंबरीत आजारी आहे ती रियूची बायको. वेशी बंद होण्यापूर्वीच ती उपचारासाठी दूर डोंगरात गेली आहे, आणि तिच्या जागी घर सांभाळायला रियूची आई आली आहे. म्हणजे शहरभर रुग्णांना घरच्यांपासून तोडण्याचे काम ज्याच्याकडे आहे, तो स्वतः तुटलेलाच आहे.

हे तोडणे काम्यू दारात उभे राहून दाखवतो. रियू ताप पाहतो, रुग्णवाहिका बोलावतो. आया रडतात, कुटुंबे दारे लावून घेतात, मग पोलीस, मग बळ. रोज संध्याकाळी हेच. हळूहळू रियूची करुणा आटते, आणि ती आटली म्हणूनच त्याला काम करता येते. मराठी वाचकाला इथे १८९७ चे पुणे आठवल्यावाचून राहत नाही. तेव्हाही लष्करी पथके घरात शिरत, रुग्ण इस्पितळात जाई आणि घरचे छावणीत. त्या साथीतून आपल्या स्मरणात रँड आणि चापेकर उरले. माजघरात काय झाले, ते आपण फारसे विचारले नाही. काम्यूने निदान दारापर्यंत यायचे कष्ट घेतले आहेत.

दंडाधिकारी ओथाँच्या कुटुंबाची कथा या दृष्टीने पुन्हा वाचावी. मुलगा आजारी पडतो. आई आणि मुलगी एका ठिकाणी, वडील क्रीडांगणावरच्या छावणीत, मुलगा एका शाळेच्या जुन्या वर्गखोलीत मांडलेल्या खाटेवर. कोणी आरडाओरडा करत नाही. व्यवस्था आता सुरळीत झाली आहे! मुलाचा मृत्यू हा कादंबरीतला सर्वांत गाजलेला प्रसंग. त्यावरची चर्चा बहुधा पाद्री पानलू आणि ईश्वरी न्यायाकडे वळते. पण खाटेभोवती कोण आहे ते पाहा. रियू, तारू, कास्तेल, ग्राँ, राँबेर, पानलू. सहा पुरुष, त्यांतला एकही नात्याचा नाही. आई-बाप जिवंत आहेत, त्याच शहरात आहेत, आणि तिथे नाहीत. पुढे छावणीत ओथाँ विचारतो, मुलाला त्रास झाला का? तारू सांगतो, तसा झाला नाही. वाचकाने तो त्रास पानेच्या पाने पाहिलेला असतो. विलगीकरणाची मुदत संपल्यावर ओथाँ सुटतो आणि स्वयंसेवक म्हणून पुन्हा त्याच छावणीत जायची परवानगी मागतो. तिथे त्याला मुलाचा दुरावा कमी वाटेल म्हणून. २०२० नंतर हे कारण कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

तारूचे ते खोटे कादंबरीत एकटे नाही. पत्रे जंतूंच्या भीतीने बंद झालेली, टेलिफोन मोजक्या निकडीच्या प्रसंगांपुरता. उरते फक्त तार. एका आयुष्याचा संसार दहाबारा शब्दांत कोंबायचा, म्हणजे खुशाली, आठवण आणि माया यांपलीकडे काही मावत नाही. काही लोक तरीही तेच पत्र पुन्हा पुन्हा लिहितात आणि शेवटी त्यातले शब्द त्यांनाच पोकळ वाटू लागतात. रियूची बायको तारेने कळवते, मी ठीक आहे. तो तिथल्या डॉक्टरला परस्पर तार करतो, तेव्हा कळते की ती ढासळते आहे. आपल्याकडे तारेऐवजी व्हॉट्सॲप होते, शब्दांना तोटा नव्हता. तरी रुग्णालयातून ‘मी बरा आहे’ आणि घरून ‘इकडची काळजी करू नका’ एवढेच जात राहिले. म्हणजे अडचण शब्दसंख्येची नव्हती. दोन्ही बाजू एकमेकांना सांभाळत होत्या, म्हणून कोणीच काही सांगू शकत नव्हते.

माझ्या मते कादंबरीचा खरा कळस शेवटाकडे आहे, आणि तो अगदी हळू आवाजात येतो. साथ ओसरू लागते तेव्हा तारू आजारी पडतो, रियूच्याच घरात. नियमाप्रमाणे त्याला हलवायला हवे. रियू अडखळतो. निर्णय त्याची आई देते : दोघांनाही इथेच राहू दे, मी नुकतीच पुन्हा लस टोचून घेतली आहे. तारूच्या ते लगेच ध्यानात येते. सुई टोचून ताबडतोब विलगीकरणाचा हुकूम न देणारा रियू तो पहिल्यांदाच पाहत असतो. मग रात्रभर म्हातारी उशाशी बसते, उशी सारखी करते, ओल्या केसांवर हात ठेवते. इतक्या माणसांना उंबरठ्याबाहेर नेणाऱ्या कादंबरीत हे एक मरण घरातले, कोणाच्या तरी हाताखाली आलेले. ज्यांच्या दारातून रियूने पोलिसांकरवी माणसे नेली, त्यांच्याविषयी त्याला या रात्री काय वाटले, ते काम्यू सांगत नाही. सांगायला हवे होते. समीक्षकांनी ‘प्लेग’मधल्या अरबांच्या अनुपस्थितीवर पुष्कळ लिहिले आहे आणि ते रास्तच आहे, पण डॉक्टरने आपल्या माणसासाठी घेतलेली ही सूट तेवढीच बोचायला हवी.

आणखी एक. नियम मोडायचे धाडस जिचे, त्या आईला कादंबरीत स्वतःचे नाव नाही. रियूच्या बायकोलाही नाही. स्वच्छता पथके पुरुषांची, चर्चा पुरुषांच्या. स्त्री वाट पाहते, खिडकीशी बसते, क्वचित शुश्रूषा करते. १८९७ च्या साथीत रुग्णांची सेवा करताना प्लेग होऊन १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. तिथे शुश्रूषा करणारीला नाव तरी आहे. काम्यूच्या शहरात घरातली शुश्रूषा जवळजवळ अदृश्यच राहते, कारण त्याचा रुग्ण घरात ठेवलाच जात नाही.

इथेच आपला अनुभव या कादंबरीच्या हातून निसटतो. एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अगदी सौम्य लक्षणांच्या रुग्णाला घरीच ठेवायची मुभा दिली. अट अशी की घरात तशी सोय हवी आणि चोवीस तास काळजी घेणारे माणूस हवे. ओराँत आणि १८९७ च्या पुण्यात रेघ रस्त्याकडच्या दारावर होती. आता ती घराच्या आत आली, दिवाणखाना आणि झोपायची खोली यांच्यामध्ये. ताट दाराशी ठेवून चार पावले मागे सरायचे, खोकला भिंतीपलीकडून ऐकायचा. आणि जिथे दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे, तिथे ही रेघ ओढायला दारच नव्हते. ते चोवीस तासांचे माणूस म्हणजे कोण, हे नियमात लिहिलेले नव्हते. घरोघरी ते ठरलेलेच होते. तिची रोजनिशी ‘प्लेग’मध्ये सापडणार नाही.

तारू गेल्याच्या दुसऱ्या सकाळी रियूला तार येते. बायको आठवड्यापूर्वीच वारली आहे. आई समोरच असते. तो तिला रडू नकोस म्हणतो.