संग्रामदुर्गाचा राहिलेला हिशेब

चाकणचा संग्रामदुर्ग हा भुईकोट. त्याला ना डोंगराची पाठ, ना कड्याचा आधार. आज कारखान्यांच्या आणि रहदारीच्या गर्दीत त्याच्या तटबुरुजांचे काही अवशेष तेवढे उभे आहेत. मात्र १६६० च्या वेढ्याची कथा इथल्या घराघरांत ठाऊक आहे. आपल्या धर्मग्रामातील मुलेही ती शाळेतून ऐकून येतात. किल्ल्यात फिरंगोजी नरसाळा आणि मूठभर मावळे, बाहेर शाहिस्तेखानाची अफाट फौज, आणि जवळजवळ दोन महिन्यांची झुंज. ही कथा इतिहासकारांनी कशी मांडली आहे हे पाहावे, म्हणून जेम्स ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास (१८२६) आणि सर जदुनाथ सरकार यांचे ‘शिवाजी अँड हिज टाइम्स’ (१९१९) हे दोन ग्रंथ मी पुन्हा वाचले. ग्रंथकारांविषयीचा आदर वाढला. परंतु मनात एक तक्रारही राहिली. तीच येथे मांडतो.

आधी गुणांविषयी. सरकारांनी वेढ्याचे वर्णन मोगल दरबारच्या फारसी साधनांवरून केले आहे. २१ जून रोजी खान चाकणला येऊन पोचला. भर पावसात मोर्चे बांधले गेले. ईशान्येकडील बुरुजाखाली सुरुंग नेण्यास पन्नासांहून अधिक दिवस लागले. १४ ऑगस्टला दुपारी सुरुंग उडाला, बुरुज त्यावरील माणसांसह उद्ध्वस्त झाला आणि मोगल पुढे धावले. पाहतात तो आत मातीचा उंच बांध तयार! त्याच्या आडून मावळ्यांनी शत्रूला थोपवून धरले. रात्र तशीच गेली. दुसऱ्या दिवशी तट पडला, अनेकजण कापले गेले, उरलेले बालेकिल्ल्यात शिरले आणि अखेर राव भाऊसिंहाच्या मध्यस्थीने किल्ला स्वाधीन झाला. मोगलांचे २६८ ठार आणि ६०० जखमी झाले. डफ हाच आकडा ढोबळ मानाने ९०० देतो.

या वर्णनात अलंकार नाहीत, आणि हेच त्याचे बळ आहे. वीररसाने ओथंबलेली अनेक कथने मी ऐकली आहेत. पण तो मातीचा बांध त्यांत क्वचितच भेटतो. बुरुज पडणार हे ओळखून, पावसात भिजत, त्याच्यामागे माती रचणारी माणसे सरकारांच्या कोरड्या वाक्यांतून जितकी स्पष्ट दिसतात, तितकी ती कोणत्याही गर्जनेतून दिसत नाहीत.

आता शरणागतीनंतरचा प्रसंग. फिरंगोजींच्या पराक्रमावर खूश होऊन खानाने त्यांना बादशाही चाकरी देऊ केली. त्यांनी ती नाकारली. तेव्हा त्यांना सन्मानाने शिवाजी महाराजांकडे जाऊ देण्यात आले. दोन्ही इतिहासकारांनी याची नोंद केली आहे. आपण मात्र या प्रसंगाचा अर्धाच भाग सांगतो. फिरंगोजींची स्वामिनिष्ठा सांगतो आणि ती सांगायलाच हवी. परंतु हा माणूस उद्या पुन्हा आपल्याविरुद्ध उभा राहील हे ठाऊक असूनही, शेकडो माणसे गमावलेल्या विजेत्याने त्याला सोडले, या गोष्टीपाशी आपण थांबत नाही. शत्रूच्या पदरी काही चांगले पडते, म्हणून तर नव्हे?

याच फिरंगोजींचे नाव पुढे भूपाळगडाशी जोडले जाते. हा आजच्या सांगली जिल्ह्यातील बाणूरगड. त्या वेळी तेथील किल्लेदार तेच होते, असे मराठी परंपरा सांगते. १६७९ च्या एप्रिलमध्ये दिलेरखानाने तो गड घेतला. सरकार लिहितात की, हाती लागलेल्या शिबंदीतील सातशे माणसांचा एकेक हात तोडून त्यांना सोडून देण्यात आले. नांगर धरणारा, तलवार धरणारा, लेकराला उचलून घेणारा हात!

माझी तक्रार इथे आहे. धान्याच्या आणि मालमत्तेच्या लुटीशेजारीच ही नोंद येते आणि लेखणी पुढे सरकते. इतिहासकाराने प्रवचन करावे असे मी म्हणत नाही. ते काम आमच्याकडे आहे. पण चाकण आणि भूपाळगड ही दोन पाने एकमेकांसमोर ठेवणे हे इतिहासकाराचेच काम होते. ती ग्रंथात दूरदूर पडली आहेत. त्यांच्याजवळ तिसरेही एक पान ठेवायला हवे. १६७२ च्या साल्हेरच्या लढाईत हाती आलेल्या मोगल सरदारांना महाराजांनी रायगडावर मानाने वागवले आणि जखमा भरल्यावर सन्मानाने परत पाठवले, असे डफ सांगतो. ही तीन पाने एकत्र वाचली म्हणजे ‘तो काळच तसा होता’ ही आपली आवडती सबब गळून पडते. काळ एकच, शेजारी तेच, युद्धही तेच. बंदिवानाचे काय करायचे हे प्रत्येक वेळी कोणीतरी ठरवत होते. फौजेची संख्या पाहून लढाईचा निकाल कदाचित सांगता येईल. विजेता कसा होता हे मात्र बंदिवानांनाच विचारावे लागते.

ख्रिस्तसभेला हा प्रश्न परका नाही. बंदिवानांची भेट हे दयेच्या सात शारीरिक कृत्यांपैकी एक आहे, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. संत पौलाने आपली काही पत्रे बंदिवासातूनच लिहिली. बंदिवानांना खंडणी भरून सोडवण्यासाठी संत पीटर नोलास्को यांनी १२१८ मध्ये बार्सिलोना येथे एक संघच स्थापन केला. युद्धकैद्यांविषयीचा जिनिव्हा करार १९४९ मध्ये झाला, तो त्यानंतर सातशेहून अधिक वर्षांनी.

तरीही आपल्या स्मरणाची सवय बदललेली नाही. १९७१ च्या युद्धात सुमारे ९३,००० पाकिस्तानी आपल्या ताब्यात आले, हा आकडा शाळकरी मुलालाही पाठ असतो. तो अभिमानाचा आकडा आहे, आणि ती माणसे पुढे जिवंत आपापल्या घरी परतली हे तर अधिकच अभिमानाचे. परंतु १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत बेपत्ता झालेल्या ५४ भारतीय सैनिकांची व अधिकाऱ्यांची एक यादी आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? ते आपल्या तुरुंगांत असल्याचे पाकिस्तानने सतत नाकारले. त्यांच्या घरच्यांनी मात्र वर्षानुवर्षे दार उघडे ठेवले. मोठा आकडा आपण जपला. लहान आकडा त्या घरांवर सोपवून दिला.

म्हणून पालकांना आणि धर्मशिक्षकांना एक विनंती. मुलांना संग्रामदुर्ग दाखवायला अवश्य न्या. पडक्या तटाशी उभे राहून बाहेर किती होते आणि आत किती, हे सांगा. मग किल्ला पडल्यानंतरचीही गोष्ट सांगा आणि बाणूरगडच्या त्या सातशे जणांची आठवण काढा. त्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. आपल्या प्रार्थनेत त्यांना जागा असायला हरकत नाही.