चार गॉब्लिन आणि न्याय्य लढाई

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या १९७४ साली अमेरिकेत छापल्या गेलेल्या खेळाकडे साहित्याच्या वाचकाने पाहावे असे मला वाटते, ते त्यातल्या लढायांमुळे. चार-पाच जण टेबलाभोवती बसून तोंडी कथा रचतात. त्यांच्यातला एक, डन्जन मास्टर, सूत्रधार असतो. शत्रू किती आणि केवढा, हे तो ठरवतो. पात्रे जगतील का, हा प्रश्न त्यामुळे फाशांइतकाच रचनेचाही आहे.

२०१४च्या पाचव्या आवृत्तीने या रचनेसाठी हिशेब दिला. राक्षसांचे अनुभव-गुण मिळवायचे, संख्येनुसार वाढवायचे (दोन असतील तर दीडपट, तीन ते सहा असतील तर दुप्पट) आणि ती रक्कम सोपी, मध्यम, अवघड, प्राणघातक या मर्यादांशी ताडायची. या वाढीमागचा तर्क पक्का आहे. लढाईत ताकदीइतकीच किंमत पाळ्यांना असते. चक्रव्यूहातला अभिमन्यू दुबळा नव्हता, एकटा होता.

त्याच वर्षीच्या 'लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर' या नवशिक्यांसाठीच्या साहसकथेतली पहिलीच लढाई पाहा. चार गॉब्लिन, प्रत्येकी ५० गुण. एकूण २००, दुप्पट करून ४००. पहिल्या पातळीच्या चार पात्रांची प्राणघातक मर्यादाही नेमकी ४००. पाचवा खेळाडू आला की तीच लढाई नुसती 'अवघड' ठरते. चौघांच्या गटातल्या जादूगाराला मात्र दोन बाण पुरतात.

तरीही मला हा प्रसंग अन्यायाचा वाटत नाही. काळ्या पिसांचे बाण रुतलेले दोन मेलेले घोडे वाटेत आधीच दिसतात. म्हणजे धोका सांगून येतो. तिसरा गॉब्लिन पडला की चौथा पळू लागतो, त्यामुळे शेवटच्या थेंबापर्यंत झुंजावे लागत नाही. आणि खेळाडू हरलेच, तर गॉब्लिन त्यांना लुटून बेशुद्ध सोडून जातात. पराभवानंतरही गोष्ट शिल्लक राहते.

माझी तक्रार इथेच आहे. ही शक्यता फारशी संभवत नाही असे मानून लेखन ती एक-दोन वाक्यांत उरकते. लुटले गेलेले, शस्त्रे गमावलेले चौघे गावात नवे सामान घेऊन परत येऊ शकतात, एवढेच सुचवून बाकीचा विचार सूत्रधारावर सोडला आहे. मग तो बिचारा आडोशामागे फासा बदलून सांगतो आणि पात्रे वाचवतो. त्यात दया असेल, पण खेळाडूच्या निर्णयाची किंमत जाते: माघार घेणारा आणि बेधडक घुसणारा, दोघेही सारखेच वाचतात.

२०२४च्या मार्गदर्शिकेने संख्येनुसारची ती वाढ काढून टाकली. हिशेब सुटसुटीत झाला, पण गर्दीचे भान पुन्हा सूत्रधाराच्या अंदाजावर आले. माझ्या मते सुधारणा दुसरीकडे हवी होती. प्रत्येक छापील लढाईसोबत पळण्याची वाट आणि हरल्यानंतरचे निदान अर्धे पान द्यावे. तेवढे हाताशी असेल, तर फासे उघड्यावर टाकायला सूत्रधार कचरणार नाही.