आसूकार!

सेलिया क्रूझचा नवा अल्बम २००३ च्या जुलैअखेरीस बाजारात आला, तेव्हा ती गेलेली होती. १६ जुलैला ती न्यू जर्सीत वारली आणि दोन आठवड्यांत ‘रेगालो देल आल्मा’ निघाला. नावाचा अर्थ ‘आत्म्याची भेट’ असा काहीसा. अशा तबकडीला नावं ठेवणं अवघड. तेराव्याच्या जेवणाला बसून भाजी अळणी झालीया म्हणण्यासारखं ते. पण या बाईचं गाणं मी बरीच वर्षं ऐकत आलोय, तेवढ्या हक्कानं बोलतो.

सीडी धाडली तिकडंच असणाऱ्या भाच्यानं. गाण्यांचे अर्थही त्यानंच कुणाकुणाला विचारून कागदावर लिहून दिले.

सेलिया हवानाची. सांतोस सुआरेस नावाच्या गरिबाच्या वस्तीत वाढली, १९५० ला ‘सोनोरा मातानसेरा’ या नावाजलेल्या ताफ्यात शिरली. १९६० साली ताफा मेक्सिकोला गेला तो माघारी आलाच नाही. कास्त्रोच्या सरकारनं मग तिला कायमचं दार लावलं. १९६२ ला आई वारली, तर मातीलाही येऊ दिलं नाही. पुढं १९९० ला ग्वांतानामोच्या अमेरिकी तळावर ती गायला गेली, तेव्हा तिनं तिथली मूठभर माती उचलून आणली आणि जपून ठेवली. शेवटी ती माती तिच्या शवपेटीत ठेवली. हे वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आणि ती आरोळी, ‘आसूकार!’ म्हणजे साखर. मायामीतल्या एका हॉटेलात वाढप्यानं कॉफीत साखर घालू का विचारलं, तर ही म्हणाली, अरे, तू क्यूबाचा ना, आपली कॉफी कसली कडू असते ते तुला ठाऊक नाही? साखरच घाल! हा किस्सा ती कार्यक्रमात सांगायची. पुढं किस्सा गळाला, नुसती आरोळी उरली. लोक तिला खेळकर म्हणतात. मी ऊसपट्ट्यातला माणूस. मला तीत कोयत्याचा आवाजही येतो. क्यूबातला ऊस आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी तोडला, ती गुलामगिरी १८८६ पर्यंत चालली, आणि ही बाई त्याच काळ्या लोकांची लेक.

आता तबकडी. २००२ च्या डिसेंबरात तिच्या मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन झालं, आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत ती ही गाणी गायला उभी राहिली. आवाज खाली बसलाय. पूर्वी तो पितळी कर्ण्यासारखा उसळायचा, आता जात्याच्या घरघरीसारखा जाड येतो. मला ही घरघर आवडली. साल्सात गाण्याच्या उत्तरार्धात मागचे लोक एकच ओळ धरून राहतात, आणि गायक मधल्या जागेत ऐनवेळी सुचेल ते भरतो. आपल्याकडं शाहिराच्या मागं झीलकरी असतात तसंच. ती जागा भरण्यात सेलियाचा हात धरणारं कुणी नव्हतं. इथंही ती ठोक्याच्या जरा अलीकडं-पलीकडं शब्द टाकते नि नेमकी वेळेवर येऊन टेकते. ते काही आजारानं हललेलं नाही.

हललंय ते भोवतीचं. सर्जिओ जॉर्ज हा संगीतातला जाणता माणूस, पण त्यानं तरुण पोरांना नाचवायच्या नादात काही गाण्यांत यंत्राचे ठोके फार भरलेत. ‘एया तियेने फुएगो’त पनामाचा एल हेनेराल मधेच येऊन बोलगाणं म्हणतो. लग्नाच्या वरातीत चालेल. पण जिच्या नुसत्या श्वासावर ताल उभा राहतो, तिला यंत्राची काठी कशाला?

‘रिए इ योरा’ मात्र मोठं गाणं आहे. हस आणि रड, ज्याची त्याची वेळ येतेच, असं ते सांगतं. मरणाऱ्या बाईनं गायलं म्हणून आपण हळवे होतो का, हा प्रश्न मला छळत होता. म्हणून काही न सांगता शेजारच्या तात्यांना ऐकवलं. तात्या जन्मभर भजनात टाळ वाजवणारे. बोटानं मांडीवर ठेका धरला, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा बसला. मग म्हणाले, “बाई लई बेरकी हाय. रडायलीया, पन आपल्याला कळू दीना.” मी आजारपण सांगितलं, तर मानंनाच नकार. “आजारी मानसाला एवढी जागा सापडत न्हाई, गड्या.”

तेव्हा तबकडी घ्यावी, पण पहिल्यांदाच ऐकणाऱ्यानं इथून सुरू करू नये. आधी सोनोरा मातानसेराबरोबरची पन्नाशीतली गाणी ऐकावी. मग जॉनी पाचेकोबरोबरची १९७४ ची ‘सेलिया अँड जॉनी’, तिच्यातलं ‘किंबारा’ तर दोनदा. त्यानंतर ही लावावी, आणि ‘एया तियेने फुएगो’ खुशाल पुढं ढकलावं.