अझुलायचा सलाम

एफ्रायीम किशोन यांचा १९७१ सालचा ‘हशोतेर अझुलाय’ आजही पाहण्याजोगा आहे. याफोचा हा साधा पोलीस शिपाई मनाने इतका भला, की त्याच्या हातून कोणी पकडलाच जात नाही. खाते त्याला घरी बसवायला निघते, तेव्हा त्याची नोकरी टिकावी म्हणून चोरच गुन्हा रचतात! हसून पुरेवाट होते. पण शायके ओफीर त्याचा विदूषक होऊ देत नाहीत. वेंधळेपणातही गणवेशाचा मान राखतात. बढती मिळते, तीही निरोपाबरोबरच. चित्रपटाला गोल्डन ग्लोब मिळाले, ते योग्यच. कारण हसता हसता कळते, की अझुलाय नालायक नव्हता. खात्यात भलेपणाला जागा नव्हती. नोकरीतून निवृत्त झालेल्या आपल्या मंडळींना तो शेवटचा सलाम चांगलाच समजेल. नातवंडांना शेजारी बसवून जरूर पाहावा.