माल नष्ट केला की टॅक्स वाचतो?

न खपलेला, चांगला माल कंपन्या नष्ट का करतात? ठरलेलं उत्तर: टॅक्स वाचतो. हे उत्तर जरा तपासून बघूया.

केंद्रीय जीएसटी कायदा, 2017 चं कलम 17(5)(एच) वाचा. माल नष्ट करा किंवा भेट म्हणून द्या, खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट दोन्हीकडे जातं. स्वस्तात विकला तर मात्र ते टिकतं. इन्कम टॅक्समध्ये तोटा दाखवायचा, तर तो स्वस्तात विकूनही दिसतोच, वर चार पैसे हाती येतात. म्हणजे टॅक्स बघितला तर विकणंच परवडतं. तरी विकत नाहीत, तेव्हा कारण दुसरीकडे शोधायला हवं.

आम्ही निजामपुऱ्याचे, यंत्रमागाच्या गावातले. भिवंडीत मुख्यतः ग्रे कापड विणतात. त्यावर कुणाचं नाव नसतं. डाग पडला की भाव उतरतो, चिंधी किलोवर विकली जाते. स्वस्त विकल्याने कुठल्या ब्रँडची पत जात नाही. नाव असलेल्या मालाचं तसं नाही: आज स्वस्तात गेलेला शर्ट उद्याच्या महाग शर्टाचं गिऱ्हाईक तोडतो.

पण 'ब्रँड' हेही सरसकट उत्तर नव्हे. बर्बरीने 2017-18 मध्ये 2.86 कोटी पौंडांचा माल नष्ट केला, हा आकडा सगळे देतात. त्यातली सुमारे 1.04 कोटींची सौंदर्यप्रसाधनं होती. तो धंदा दुसऱ्या कंपनीला परवान्यावर दिल्यामुळे ती उरली होती. आकडा एक, कारणं दोन.

म्हणून प्रश्न असा मांडा: विकणं, वाटणं आणि नष्ट करणं, यांतून नष्ट करणंच का निवडलं, हे तुमचं कारण सांगतं का? सांगत नसेल, तर ते कारण नव्हे.