पाखरांची पारध आणि मराठी वाङ्मय : एका उणिवेचा विचार

मराठीत शिकारीविषयीचे लेखन अगदीच थोडे नाही. वाघ, रानडुक्कर, अस्वल यांच्या शिकारीच्या हकिकती मराठी वाचकाने आवडीने वाचल्या आहेत. परंतु हिवाळ्यातील पहाटे नवशिक्या कुत्र्याला बरोबर घेऊन तित्तीर, लावा, पाणलावा यांसारखी लहान पाखरे शोधीत हिंडणे, हा विषय या लेखनात जवळजवळ आढळत नाही. इंग्रजी व रशियन भाषांत याच विषयाने गद्याची एक स्वतंत्र परंपरा निर्माण केली. मराठीतील ही उणीव प्रथमदर्शनी विषयाची वाटते. बारकाईने पाहता ती शब्दांची ठरते. आणि शब्दांच्या उणिवेचा माग घेत गेल्यास कोणाचे ज्ञान वाङ्मयात आले व कोणाचे वेशीबाहेर राहिले, या प्रश्नापाशी अभ्यासक येऊन पोहोचतो. ठाणे, कल्याण व डोंबिवली हा टापू डोळ्यांपुढे ठेवून या प्रश्नाचा विचार येथे केला आहे.

प्रथम या पारधीचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. पाठलाग करणारा कुत्रा बहुधा नाक जमिनीला लावून माग काढतो. पॉइंटर जातीचा कुत्रा मान वर ठेवून वाऱ्यावरून येणारा वास घेतो, आणि वास सापडताच जागच्या जागी खिळतो. शेपूट ताठ, नाक पाखराच्या रोखाने, पुढचा एक पाय पुष्कळदा उचललेला, अशी त्याची मुद्रा असते. पाखरू समोरच्या गवतात दबून बसलेले असते. शिकाऱ्याला ते दिसत नाही. कुत्र्याच्या थांबण्यावर विश्वास ठेवून तो पुढे होतो व पाखरू उठवतो. कोवळ्या कुत्र्याचे दोष मुख्यतः दोन : वास येताच आत घुसणे, आणि उडालेल्या पाखराच्या मागे धावत सुटणे. तित्तीर तर उडण्यापेक्षा पायांनी पळणे पसंत करतो. त्यामुळे अननुभवी कुत्र्याची खरी कसोटी त्याच्यापुढेच लागते. कुत्र्याला शिकवायचे म्हणजे धावण्याची उपजत ओढ ऐन क्षणी आवरायला शिकवायचे. दवाने ओलावलेल्या गवतावर वास टिकतो व ऊन तापले की विरून जातो, म्हणून आपल्या हवामानात हे काम थंडीतल्या सकाळचे.

उल्हास नदीच्या खोऱ्यातील भातखाचरे या पारधीला सोयीची होती. भाताची कापणी झाली की धसकटांत व बांधांवरच्या गवतात लावे दिसत. ओल राहिलेल्या खाचरांत उत्तरेकडून आलेला पाणलावा उतरे. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ साली सुरू झाली व १८५४ साली ती कल्याणपर्यंत आली. मुंबईच्या बंदूकवाल्यांना ही रानपाखरे एका सकाळीच्या अंतरावर आली. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आरंभीच्या मंडळींतही शिकारीचा शौक असलेले पुष्कळ होते. ह्यूम व मार्शल यांचा भारतातील शिकारपाखरांवरील त्रिखंडात्मक ग्रंथ १८७९ ते १८८१ या काळात प्रसिद्ध झाला. हे सारे लेखन इंग्रजीत झाले. ज्या खाचरांत ही पाखरे उतरत, त्या खाचरांची भाषा मात्र मराठी होती.

त्या भाषेत शिकारी कुत्र्याविषयी कोणती क्रियापदे आहेत? कुत्रा 'सोडतात', 'अंगावर घालतात', 'छू' म्हणून पिटाळतात. तो 'माग काढतो', 'पाठीस लागतो', 'धरतो'. ही सारी क्रियापदे गतीची आहेत. थांबण्याच्या अर्थाचा जवळचा शब्दप्रयोग 'दबा धरणे' हा. पण दबा धरतो तो झडप घालण्यासाठी. झडप न घालता केवळ दाखवण्यासाठी थांबणे, या क्रियेला रूढ मराठी क्रियापद नाही. 'शिकार' हा शब्द फारसीतून आला. 'पारध' या शब्दाचा संबंध 'पापर्द्धि' या मृगयावाचक शब्दाशी जोडला जातो. त्यातील 'पाप' हा अवयव लक्षात घेतला, तर या कर्माकडे पाहण्याची परंपरेची दृष्टीही त्या नावातच उमटलेली दिसते.

ही दृष्टी एकसुरी मात्र नव्हती. कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसऱ्या सोमेश्वराचा 'मानसोल्लास' हा बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ग्रंथ. येथील कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. ठाणे जिल्ह्यातील कल्याणशी तिची गल्लत करू नये. जुन्या मराठी पद्यपंक्तींमुळे हा ग्रंथ मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे. राजाच्या विनोदांत त्याने कुत्र्यांना 'सारमेयविनोद' व ससाण्यांना 'श्येनविनोद' अशी स्वतंत्र प्रकरणे दिली. म्हणजे प्रकरणांच्या मांडणीपुरते तरी आकाशातले पाखरू ससाण्याच्या वाट्याला गेले आणि कुत्र्याचा विनोद निराळा राहिला. जवळजवळ त्याच काळात, ज्यांच्या लेखांत श्रीस्थानक म्हणजे ठाण्याचा उल्लेख येतो त्या उत्तर कोकणच्या शिलाहार वंशातील अपरादित्याच्या नावावर याज्ञवल्क्यस्मृतीवरील 'अपरार्क' टीका आहे. त्या स्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायात तित्तीर मारल्यास एक द्रोण तीळ दान द्यावे असे सांगितले आहे. एका राजाने पाखरांच्या पारधीला विनोद मानले. दुसऱ्याने ज्या स्मृतीवर भाष्य केले, तिने पाखराच्या जिवाचे मोल तिळांत मोजले. विनोद आणि प्रायश्चित्त या दोन टोकांच्या मध्ये प्रत्यक्ष रानात काय घडते, याचे वर्णन कोणी करावयाचे हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

मराठी गद्याच्या आरंभीच या मधल्या जागेचे एक विलक्षण दर्शन घडते. 'लीळाचरित्रा'तील सशाची लीळा सर्वपरिचित आहे. पारध्यांची कुत्री सशाच्या पाठीस लागतात. ससा श्रीचक्रधरांच्या गुडघ्याखाली शिरतो. कुत्र्यांची धाव तेथे सरते. पारधी ससा मागतात, पण शरण आलेला जीव त्यांना परत मिळत नाही. मराठी वाङ्मयात शिकारी कुत्र्याचे थांबणे अर्थपूर्ण झाले ते असे, करुणेच्या बळावर. पॉइंटरचे थांबणे याच्या नेमके उलट आहे : ते वधाच्या सेवेतले, शिस्तीने घडवलेले थांबणे आहे. बाह्यतः एकच क्रिया दोन संस्कृतींत दोन विरुद्ध अर्थ धारण करते, हे तौलनिक अभ्यासकाने विसरू नये.

तुर्गेन्येव्ह व टॉलस्टॉय यांच्या लेखनाशी तुलना केल्यास मराठीतील उणीव अधिक स्पष्ट होते. तुर्गेन्येव्हची 'शिकाऱ्याची टिपणे' १८५२ साली पुस्तकरूपाने आली. तिचा निवेदक जमीनदार आहे. बंदूक व कुत्रा घेऊन तो पाखरांमागे हिंडतो, पावसात अडकतो, रात्र झाली की एखाद्या झोपडीत आसरा घेतो, आणि तेथे भूदासांचे जिणे त्याच्या दृष्टीस पडते. त्याचा वाटाड्या येर्मोलाय व त्याचा उपाशी कुत्रा व्हालेत्का यांना वाचक विसरत नाही. पारध हे येथे निमित्त आहे. पण त्या निमित्तानेच लेखकाचा पाय हमरस्त्यावरून पाऊलवाटेवर पडतो. रशियात भूदासप्रथा १८६१ साली रद्द झाली. त्यापूर्वीचे जनमत घडवण्यात या पुस्तकाचा वाटा मानला जातो. टॉलस्टॉयने तर 'आना कारेनिना'मध्ये पाणलाव्याच्या शिकारीच्या प्रसंगी काही काळ लेव्हिनच्या लास्का या कुत्रीच्याच जाणिवेत प्रवेश केला. धन्याला काय हवे आहे व आपल्या नाकाला काय कळते आहे, यांच्यामधला तिचा संभ्रम हे त्या वर्णनाचे मर्म होय. उत्तरेच्या अशाच दलदलीत वाढणारे पाणलावे हिवाळ्यात दक्षिणेकडे येतात. पाखरू कल्याणच्या खाचरापर्यंत आले. त्याचे गद्य मात्र आले नाही.

आधुनिक मराठीत या जागेच्या जवळ दोन लेखक गेले. व्यंकटेश माडगूळकर तरुणपणी शिकारीच्या नादाने रानात हिंडले. पुढे दुर्बीण व चित्रवही घेऊन गेले. 'सत्तांतर' (१९८२) ही वानरांच्या टोळ्यांची कथा या दृष्टिपालटाचे परिपक्व फळ होय. तथापि बंदूक बाजूस ठेवताना शिकारी व त्याचा वाटाड्या हे नातेही तिच्यातून नाहीसे झाले. उरला तो एकटा, अदृश्य निरीक्षक. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वननोकरीच्या काळात रानातील माणसांकडून शिकण्याचा विनय दाखवला. त्यांचा 'पक्षीकोश' (२००२) हे मराठीवरील मोठे ऋण आहे. पण कोशाच्या स्वरूपामुळेच त्याचा मुख्य भर नामांवर राहतो. पारधीचे ज्ञान बरेचसे क्रियापदांत असते : पाखरू कसे दबते, कसे सरकते, कोणत्या वाऱ्याने उठते, फास कोठे मांडावा आणि पाखरू हळूहळू त्याकडे कसे न्यावे.

ही क्रियापदे ज्यांच्या तोंडी होती ते लेखक नव्हते. फासेपारध्यांची रीत शिकवलेल्या बैलाच्या आडून पाखरांजवळ सरकण्याची, पाळलेल्या तित्तिराच्या आरवण्याने रानातले तित्तीर बोलावण्याची. धन्याच्या चालीबरोबर चालणारा व थांबणारा तो बैल म्हणजे पॉइंटरला मिळालेले देशी उत्तरच होय. पण मराठी कथेत त्याला पात्र म्हणून जागा मिळाली नाही. ठाणे जिल्ह्यातील कातकऱ्यांची नोंद १८८२ च्या गॅझेटियरमध्ये आहे. वेलिंग यांनी १९३४ साली त्यांच्यावर इंग्रजी ग्रंथ लिहिला. या दोन्ही ठिकाणी कातकरी हा वर्ण्य विषय आहे, वक्ता नव्हे. पारध्यांचे दुर्दैव याहून मोठे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सुरू झालेल्या व्यवस्थेत ज्ञानी माणूस संशयित ठरला. तो कायदा १९५२ साली देशभर रद्द झाला, तरी कलंक टिकला. 'उपरा' (१९८०) व 'उचल्या' (१९८७) यांनी भटक्या-विमुक्तांचा स्वतःचा आवाज मराठीत आणला. तो आवाज माणसाच्या अवमानाचा होता व तसाच असणे न्याय्य होते. रानातील कौशल्याचे शब्द सांगण्याची सवड त्या पिढीला नव्हती.

यावर एक आक्षेप संभवतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ साली झाला; त्यात प्रारंभी परवान्याने शिकारीस वाव होता, तो १९९१ च्या दुरुस्तीने काढून घेण्यात आला. जे कृत्य आज गुन्हा आहे त्याच्या शब्दांचा शोक कशासाठी? आक्षेप गंभीर आहे आणि पारधीचे पुनरुज्जीवन हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. तथापि दबलेले पाखरू ओळखण्याची विद्या मारण्यापुरती मर्यादित नाही. राखणाऱ्यालाही तीच लागते. न्यूझीलंडमध्ये रिचर्ड हेन्रीने १८९० नंतरच्या दशकात तोंडाला मुसकी बांधलेल्या कुत्र्याच्या साहाय्याने काकापो पक्षी शोधून सुरक्षित बेटावर हलवले. तेथे पारधीची विद्या लीळाचरित्रातील गुडघ्याच्या कामी आली. ज्या भाषेत या विद्येचे शब्द उरले नाहीत, तिला हा पालट घडवताना परक्या भाषेच्या तोंडाकडे पाहावे लागते.

ठाणे-कल्याणचा टापू ग्रंथप्रेमाबद्दल प्रसिद्ध आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे; ठाण्यात २०१० साली व डोंबिवलीत २०१७ साली साहित्य संमेलने भरली. याच काळात अनेक खाचरांवर इमारती उभ्या राहिल्या. शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्यांत ज्यांनी फास मांडलेला पाहिला, अशी वृद्ध माणसे अद्याप भेटू शकतात. त्यांच्याकडून नामांबरोबर क्रियापदेही टिपून घेणे, सांगणाऱ्यास संशयित न मानता, त्याच्या संमतीने व त्याच्याच बोलीत टिपणे, हे मराठी विभागांच्या आवाक्यातील काम आहे. असे टिपण झाल्याविना मराठी शिकारवाङ्मयाविषयी दिलेला कोणताही निर्णय अर्धाच ठरेल. कारण त्या वाङ्मयाचा निम्मा कोश अजून कागदावर उतरलेला नाही.